प्राच्यवादी चित्रांतला विद्वान कसा पाहावा

उभ्या केलेल्या गुडघ्यावर कागद, हातात बोरू, कमरेच्या शेल्यात खोचलेले पितळी कलमदान, मागे निळ्या फरशांची भिंत आणि वरच्या लाकडी जाळीतून उतरलेले ऊन, असे एखादे चित्र आपण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, दिनदर्शिकेवर किंवा मोबाइलवर कधी ना कधी पाहिलेले असते. ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले असते, काढणारा बहुतेक वेळा युरोपीय असतो, आणि चित्रातला माणूस कैरोतला नाहीतर इस्तंबूलमधला आलिम (इस्लामी धर्मशास्त्राचा पंडित), लेखनिक किंवा विद्यार्थी असतो. प्राच्यवादी चित्रकला, म्हणजे मुख्यतः युरोपीयांनी रंगवलेले पूर्वेकडचे मुसलमानी जग, म्हटली की चर्चा जनानखान्यांची आणि गुलामांच्या बाजारांची होते. मदरशांची आणि ग्रंथांपुढे बसलेल्या विद्वानांची चित्रे सोज्वळ म्हणून चौकशीतून सुटून जातात. माझे मत असे आहे की चौकशी खरी यांचीच व्हायला हवी, कारण या चित्रांत ग्रंथ भरपूर असले तरी वाचन फारच थोडे आहे. ते कसे ओळखावे, हे ज्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतलेले नाही आणि ज्यांना अरबी लिपीही येत नाही, अशा वाचकांसाठी येथे पायरीपायरीने सांगितले आहे.

पहिली पायरी: एकच चित्र घ्या आणि त्याची चांगली प्रत मिळवा

एका बैठकीत पन्नास चित्रे पाहणाऱ्याच्या हाती ऊन, फरशा आणि पागोटी यांपलीकडे काही लागत नाही. एकच चित्र निवडावे आणि ते ज्या संग्रहालयात आहे त्याच्याच संकेतस्थळावरून मोठ्या आकारातली प्रत उघडावी. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींमध्ये रंग भडक केलेले असतात, कडा कापलेल्या असतात आणि काही वेळा चित्र चक्क डावे-उजवे उलटलेले असते. ते तपासायला अरबी येण्याची गरज नाही. चित्रकाराची सही सहसा खालच्या कोपऱ्यात रोमन अक्षरांत असते, ती सरळ वाचता आली की चित्र सरळ आहे.

सुरुवातीला इस्तंबूलचे उस्मानी चित्रकार ओस्मान हमदी बे यांचे 'अभ्यास करणारा तरुण अमीर' हे चित्र घ्यावे, असे मी सुचवीन. याच विषयाची त्यांची दोन चित्रे प्रसिद्ध आहेत. पहिले १८७८ चे असून ते अबुधाबीच्या लूव्हर संग्रहालयात आहे. दुसरे १९०५ चे, ते लिव्हरपूलच्या वॉकर कलादालनात आहे. पालथा पहुडलेला एक तरुण समोरच्या पुस्तकात गढलेला आहे, एवढाच विषय. हेच चित्र का, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: चित्राची पाटी उतरवून घ्या आणि चित्रकार त्या वेळी कोठे होता ते विचारा

वहीत चित्रकाराचे नाव, वर्ष, माध्यम, आकार आणि आजचे ठिकाण लिहावे. हे कारकुनी काम वाटते, पण निम्म्या गोष्टी येथेच उघड होतात. जॉन फ्रेडरिक लुईस हा इंग्रज चित्रकार १८४१ ते १८५१ अशी दहा वर्षे कैरोत राहिला. तिथल्या शाळा, लेखनिक आणि कुराणाचे भाष्यकार हे विषय पुढे त्याच्या चित्रांत वारंवार आले. मात्र तुर्कस्तानातल्या बुर्सा येथील राजघराण्याच्या कबरीत बसलेल्या भाष्यकाराचे त्याचे चित्र १८६९ चे आहे, म्हणजे तो इंग्लंडला परतला त्याला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. जुनी रेखाटने, सोबत आणलेल्या वस्तू आणि स्मरण यांच्या आधारावर ते उभे आहे.

लुडविग डॉइच याची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याचा जन्म १८५५ मध्ये व्हिएन्नात झाला आणि १८७८ च्या सुमारास तो पॅरिसला स्थायिक झाला. इजिप्तच्या त्याच्या वाऱ्या मोजक्याच, परंतु विद्वान, लेखनिक आणि अल-अझर या कैरोतल्या जुन्या विद्यापीठाचे विद्यार्थी त्याने आयुष्यभर रंगवले. कैरोतल्या छायाचित्रकारांकडून विकत घेतलेली छायाचित्रे आणि पॅरिसच्या चित्रशाळेत साठवलेली तिपाया, दिवे, फरशा, शस्त्रे ही त्याची खरी शिदोरी होती. त्याचाच समवयस्क रुडोल्फ अर्न्स्ट तर फरशा भाजण्याची कलाच शिकला. तेव्हा चित्राच्या नावात 'कैरो' असले तर ते विषयाचे गाव समजावे. चित्रफळी तेथे उभी होती असे गृहीत धरू नये. डॉइचची पाच-सहा चित्रे शेजारी शेजारी ठेवल्यास शिंपले जडवलेली तीच तिपाई वेगवेगळ्या पंडितांच्या पुढ्यात आलेली दिसते आणि मग गंमत वाटू लागते.

तिसरी पायरी: चेहरा सोडा, हात आणि पुस्तक पाहा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हिला वेळही सर्वांत जास्त द्यावा लागतो. प्राच्यवादी चित्रकार चेहऱ्यांच्या बाबतीत फार कुशल होते; सुरकुत्या, पांढरी दाढी आणि अर्धवट मिटलेले डोळे पाहून आपण लगेच 'ज्ञानवृद्ध' म्हणून मोकळे होतो. मी स्वतः डॉइचच्या एका चित्राची छापील प्रत बरीच वर्षे अभ्यासाच्या टेबलासमोर लावली होती. उर्दू वाचणारी एक मैत्रीण घरी आली तेव्हा तिने ती क्षणभर पाहिली आणि म्हणाली, "अरे, हा वाचतोय कुठे? याची नजर ओळीवर नाहीच." तोवर माझ्या ते लक्षातच आले नव्हते. पुस्तक उघडे होते, बोट पानावर होते, आणि डोळे मात्र पानाच्या पलीकडे कोठेतरी लागलेले होते.

त्यामुळे आधी हातांकडे पाहावे. लेखनिक असेल तर त्याच्या हातात बोरू असतो. हे साधन मराठी माणसाला परके नाही. मोडी लिहिणारे आपले कारकून बोरूच वापरत. टोक तिरके कापलेले, त्यामुळे एकाच फटकाऱ्यात रेघ जाड आणि बारीक होते. उस्मानी सुलेखनकार उजवा गुडघा उभा करून त्यावर मऊ पाठाडी ठेवत, तिच्यावर कागद धरत आणि मग लिहीत. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा घातलेला असे, म्हणजे बोरू बुडवताना शाई नेमकी तेवढीच उचलली जाई आणि टोक दौतीच्या तळावर आपटून बोथट होत नसे. काजळाची शाई, घोटून गुळगुळीत केलेला कागद, बोरू कापण्याचा लहान चाकू आणि कापताना खाली धरायची हस्तिदंती पट्टी, एवढा संसार त्या एका माणसाभोवती असायचा. आता चित्रात पाहावे: दौतीचे झाकण उघडे आहे का? बोरूचे टोक कागदाला टेकलेले आहे का? कागदावर लिहिलेल्या ओळी आहेत, की नुसत्या राखाडी रेघा मारल्या आहेत? कलमदान कमरेलाच बंद असेल आणि बोरू हवेत असेल, तर तो लेखनिक लिहीत नाही, चित्रासाठी बसला आहे.

वाचणारा असेल तर पुस्तक कोठे ठेवले आहे ते पाहावे. आपण पारायणाला पोथी ठेवतो तसली दोन फळ्यांची घडीची लाकडी ठवणी, तिला रेहल म्हणतात, कुराणासाठी वापरली जाते. ग्रंथ जमिनीवर ठेवायचा नाही, हा दंडक तिथे आणि इथे सारखाच आहे. म्हणून एखाद्या चित्रात ग्रंथ गालिच्यावर इतस्ततः पडलेले दिसले तर थांबावे. तो चित्रकाराचा अडाणीपणा असू शकतो, किंवा त्याने जाणूनबुजून काही सांगितलेले असू शकते. ओस्मान हमदी यांचे १९०१ चे 'मिहराब' नावाने ओळखले जाणारे चित्र दुसऱ्या प्रकारातले आहे. त्यात पिवळ्या पोशाखातली एक स्त्री मिहराबाकडे, म्हणजे मशिदीतल्या मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे, पाठ करून चक्क रेहलवर बसली आहे आणि तिच्या पायांशी ग्रंथ विखुरलेले आहेत. काढणारा स्वतः मुसलमान, इस्तंबूलच्या संग्रहालयाचा संचालक. रेहल कशासाठी असते हे त्याला शिकवण्याची गरज नव्हती. तेथे अडाणीपणाचा निकाल देऊन चालत नाही.

चौथी पायरी: कपड्यांचे वर्ष काढा

ही पायरी लहान आहे, पण तिच्यामुळे एका कोड्याचा उलगडा होतो. चित्रकारांना विद्वानच इतके का आवडत होते? उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये पोशाखाविषयी फर्मान काढले आणि सरकारी नोकरांना पागोटी सोडून फेझ टोपी घालायला लावली; हळूहळू अंगरख्यांच्या जागी युरोपीय धर्तीचे लांब कोट आले. उलेमांना, म्हणजे आलिमांच्या वर्गाला, मात्र या बदलातून वगळले होते. परिणामी इस्तंबूलच्या रस्त्यात शतकाच्या उत्तरार्धात जुन्या चित्रासारखा दिसणारा शिकलेला माणूस हवा असेल, तर तो आलिमच सापडे. न बदलणारा पूर्वेकडचा देश रंगवू पाहणाऱ्याने नेमक्या त्याच माणसाला उचलले आणि शेजारून जाणारा कोट घातलेला शिक्षक, वकील, तारमास्तर चौकटीबाहेर ठेवला.

पाचवी पायरी: भिंतीवरचा मजकूर वाचून घ्या

आपल्याला लिपी येत नसेल तर अरबी किंवा उर्दू जाणणाऱ्या कोणाला तरी प्रत दाखवावी. 'हे काय लिहिले आहे' असे न विचारता 'हे वाचता येते का' असे विचारावे, कारण दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' हेही उत्तर मिळू शकते आणि तेही उपयोगाचे असते. या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विद्वानांच्या चित्राचे नाही, तर जाँ-लेओं जेरोम याच्या 'गारुडी' या १८७९ च्या सुमाराच्या चित्राचे आहे. ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्लार्क संग्रहालयात आहे. निळ्या फरशांच्या भिंतीला टेकून बसलेली माणसे आणि त्यांच्यापुढे अंगाला अजगर गुंडाळलेला नग्न मुलगा, असे ते दृश्य आहे. फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या फरशांवरून घेतल्या आहेत; त्या महालात असा खेळ कधी होत नव्हता. या भिंतीवरचा बहुतेक मजकूर वाचताच येत नाही, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला जाई. पुढे जाणकारांनी नीट पाहिले तेव्हा वरचा मोठा पट्टा स्वच्छ वाचता आला. 'धर्मात सक्ती नाही' हे ज्यात येते ते कुराणाच्या दुसऱ्या सुरेतले २५६ वे वचन तेथे आहे. त्यापुढचा मजकूर मात्र तुटक आहे. जेरोमला त्याचा अर्थ कळत होता की तो नुसत्या वळणांची नक्कल करत होता, हे चित्र सांगत नाही. चित्रकाराला दोष देण्याआधी आणि त्याला शाबासकी देण्याआधीही भिंत वाचून घ्यावी, एवढे यातून घ्यावे.

ओस्मान हमदी यांच्या चित्रांत मजकूर सहसा वाचण्यासाठीच असतो. 'कासवांचा शिक्षक' या १९०६ च्या चित्रात बुर्साच्या हिरव्या मशिदीतली खोली आहे. लाल अंगरखा घातलेला, पाठीत वाकलेला एक म्हातारा हातात बासरीसारखी ने घेऊन जमिनीवर पाला खाणाऱ्या पाच कासवांकडे पाहतो आहे. खिडकीवरच्या कमानीत 'प्रियाची भेट ही अंतःकरणांची दवा' अशा अर्थाचे वचन आहे. पाठीवर कवच असलेल्या विद्यार्थ्यांना वाद्य वाजवून शिकवू पाहणारा हा मास्तर कोणाची थट्टा करतो, यावर तुर्कस्तानात आजही वाद होतात. शिक्षकी पेशातल्या कोणाही मराठी माणसाला त्यावर मत द्यायला फार विचार करावा लागणार नाही.

सहावी पायरी: चौकटीत काय नाही याची यादी करा

यासाठी थोडे वाचन लागते. कैरोचे अल-अझर इ. स. ९७० मध्ये स्थापन झाले, आणि तिथे खांबाशी बसलेल्या शेखाभोवती विद्यार्थ्यांनी कोंडाळे करून शिकण्याची पद्धत होती. हे कोंडाळे चित्रांत येते. परंतु हेच चित्रकार जेव्हा अल-अझर रंगवत होते त्या काळात तिथे काय चालले होते? कैरोजवळ बुलाक येथे सरकारी छापखाना १८२० च्या सुमारास निघाला होता आणि छापील अरबी पुस्तके पन्नास-साठ वर्षे हातोहाती फिरत होती. खेदिवांचे (इजिप्तच्या राज्यकर्त्यांचे) सार्वजनिक ग्रंथालय १८७० मध्ये उघडले. अध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी परीक्षा घेण्याचा कायदा १८७२ मध्ये झाला. शतकाच्या शेवटच्या दशकात सुधारक मुहम्मद अब्दुह अभ्यासक्रम बदलण्यासाठी भांडत होते. १९०२ मध्ये दाखल झालेल्या ताहा हुसेन या अंध मुलाने पुढे आपल्या आत्मचरित्रात तिथले घोकंपट्टीचे पाठ, विद्यार्थ्यांच्या कोंदट खोल्या आणि शेखांशी झालेले खटके लिहून ठेवले.

आता चित्राकडे परत यावे. छापील पुस्तक दिसते का? दोन माणसे वाद घालताना दिसतात का? कंटाळलेला, जांभई देणारा, भाकरीची वाट पाहणारा विद्यार्थी दिसतो का? बहुतेक चित्रांत या सगळ्याला जागा नाही. तिथे विद्या आहे ती जुन्या गालिच्यासारखी, सुंदर आणि जागची न हलणारी. अपवादही आहेत, आणि ते सापडले की वहीत ठळक लिहावेत. लुईसच्या 'अरब लेखनिक' या १८५२ च्या चित्रात लेखनिकापुढे एक काम आहे. बायका मजकूर सांगायला आल्या आहेत आणि तो ऐकतो आहे. विद्येचा रोजचा, पोटापाण्याचा उपयोग तिथे निदान दिसतो.

सातवी पायरी: ओस्मान हमदी यांना शेजारी आणून बसवा

आता सुरुवातीचे चित्र पुन्हा उघडावे. ओस्मान हमदी यांचा जन्म १८४२ चा. त्यांचे वडील इब्राहिम एदहेम पाशा पुढे उस्मानी साम्राज्याचे वजीर-ए-आजम, म्हणजे मुख्य प्रधान झाले. कायदा शिकायला मुलाला १८६० मध्ये पॅरिसला पाठवले आणि मुलगा चित्रकला शिकून आला. १८८१ पासून ते इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाचे प्रमुख होते, पुराणवस्तू परदेशी जाऊ नयेत म्हणून १८८४ चा कायदा त्यांच्या पुढाकाराने झाला, आणि १८८७ मध्ये आजच्या लेबनॉनमधल्या सिदोन येथे त्यांनी केलेल्या उत्खननातून अलेक्झांडरच्या नावाने ओळखली जाणारी शवपेटी बाहेर आली. म्हणजे या विषयावर कुंचला चालवणाऱ्यांत हा एक खराखुरा विद्वान होता, आणि तो नोकरीवर फेझ आणि कोट घालून जात असे. चित्रांसाठी मात्र तोच माणूस पागोटे आणि अंगरखा चढवून स्वतःची छायाचित्रे काढून घ्यायचा आणि त्यांवरून आपले आलिम रंगवायचा. ती छायाचित्रे आज उपलब्ध आहेत; चित्रांशी ताडून पाहण्यासारखा दुसरा धडा नाही.

'तरुण अमीर' मधली पहुडण्याची ढब नीट पाहावी. युरोपीय चित्रांत ती जनानखान्यातल्या स्त्रीची ठरलेली ढब आहे. पाहणाऱ्यासाठी अंग सैल सोडून पडलेली. येथे त्याच जागी एक तरुण आहे आणि त्याला पाहणाऱ्याची दखलच नाही, कारण तो वाचतो आहे. नजर ओळीवर आहे. 'कुराण वाचणारी मुलगी' या १८८० च्या चित्रातही रेहलसमोर बसलेली मुलगी प्रेक्षकाकडे वळत नाही. माझ्या मते त्यांचे वेगळेपण या एका गोष्टीत आहे. त्यांच्या फरशा, दिवे आणि गालिचे डॉइचच्या चित्रांत शोभतील असेच आहेत, चित्रे पॅरिस, बर्लिनच्या प्रदर्शनांतही जात होती. म्हणून त्यांना अस्सल आणि इतरांना खोटे असे दोन कप्पे करण्याची घाई करू नये.

आठवी पायरी: टीका सर्वांत शेवटी वाचा

एडवर्ड सईद यांचा प्राच्यवादावरचा १९७८ चा ग्रंथ आणि कला-इतिहासकार लिंडा नॉकलिन यांचा १९८३ चा निबंध हे दोन्ही वाचायलाच हवेत. सईद यांच्या मुखपृष्ठावर जेरोमचा 'गारुडी' असला तरी आत विवेचन आहे ते मुख्यतः लेखनाचे. चित्रांकडे तो प्रश्न वळवला तो नॉकलिन यांनी. चित्रात युरोपीय माणूस दिसत नाही, काळ पुढे सरकत नाही आणि बारीकसारीक तपशिलांमुळे सगळे खरे वाटते, हे त्यांचे मुद्दे सहाव्या पायरीनंतर वाचले तर आपल्या यादीशी ताडता येतात. आधी वाचले तर आपण चित्र न पाहता निकालपत्रच पाहतो. त्यासोबत बाजारही पाहावा. 'कासवांचा शिक्षक' २००४ मध्ये इस्तंबूलमध्येच सुमारे ३५ लाख डॉलरला विकले गेले आणि तिथल्याच पेरा संग्रहालयात गेले. 'कुराण वाचणारी मुलगी' २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात ६३ लाख पौंडांना गेली आणि तीही मलेशियातल्या इस्लामी कला संग्रहालयाकडे. ज्यांच्या पूर्वजांचा ही चित्रे अपमान करतात असे म्हटले जाते, त्यांतले अनेक जण आज ती विकत घेत आहेत.

शेवटची पायरी: स्वतःची टीप लिहा

चित्राखाली लावता येईल अशी आठ-दहा ओळींची टीप मराठीत लिहावी. तीत 'गूढ', 'चिरंतन', 'पूर्वेचा आत्मा' हे शब्द येऊ देऊ नयेत. आधी दिसणारी गोष्ट, मग तपासलेली गोष्ट, मग आपले मत, असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ: 'वृद्ध आलिम खिडकीपाशी बसला आहे. समोर रेहल, तिच्यावर उघडा ग्रंथ. डोळे पानावर नाहीत. दौत बंद. फरशांवरचा मजकूर दोन जाणकारांना दाखवला, वाचता आला नाही. चित्रकार या वर्षी पॅरिसमध्ये होता. छापील पुस्तक एकही नाही. मला हा माणूस शिकलेला वाटतो, पण या क्षणी तो शिकत नाही.' टीप लिहून झाल्यावर सहा महिन्यांनी तेच चित्र पुन्हा उघडावे आणि जुनी टीप न पाहता नवी लिहावी. दोन्ही टिपांत हातांचे वर्णन जुळते का, ते आधी पाहावे.